सिग्नलवर गाडी आपोआप बंद होते? ते होऊ न देणारं बटण कुठे असतं आणि नागपुरात ते कधी दाबायचं

भाचीने नवी गाडी घेतली आणि तिसऱ्याच दिवशी लॉ कॉलेज चौकाच्या पुढे गाडी बाजूला घेऊन मला फोन केला. "मामा, ही परत बंद पडली. मघाशी शंकरनगरलाही पडली होती. बिघडलेली गाडी तर नाही ना मारली आपल्या गळ्यात?"

मी विचारलं, "मग चालू कशी केलीस?"

"मी नाही केली. क्लच दाबला आणि आपली आपणच झाली."

म्हणजे गाडी बंद पडली नव्हती, बंद झाली होती. शोरूममधून गाडी देताना टायरवर लिंबू ठेवतात, हार घालतात, फोटो काढतात, ब्लूटूथ जोडून देतात. सिग्नलवर इंजिन स्वतःहून थांबणार आहे हे मात्र सांगायचं राहून जातं. हा लेख त्या राहून गेलेल्या पाच मिनिटांसाठी.

आधी हे काय आहे ते

गाडी सिग्नलला उभी राहिली की इंजिन विनाकारण पेट्रोल जाळत बसतं. साध्या छोट्या पेट्रोल गाडीत हे ताशी साधारण अर्धा ते एक लिटर धरा. एसी चालू असेल तर जास्तीकडे. ते वाचवायला गाडीतला कॉम्प्युटर इंजिन थांबवतो आणि तुम्ही निघायच्या बेतात दिसलात की परत सुरू करतो. गिअरच्या गाडीत थांबून, न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन थांबतं. क्लच दाबला की चालू होतं. ऑटोमॅटिकमध्ये हेच काम ब्रेक करतो: दाबून थांबलात की बंद, पाय उचलला की चालू.

कल्पना जुनी आहे. टोयोटाने १९७४ साली क्राउन गाडीत असा प्रकार बसवला होता, तेलसंकटाच्या दिवसांत. आपल्याकडे महिंद्राने तो 'मायक्रो हायब्रिड' म्हणून विकला. आता तर दहा-बारा लाखांच्या गाडीतही तो गुपचूप येऊन बसलेला असतो.

नावांचा मात्र घोळ आहे. कुठे आयडल स्टार्ट-स्टॉप, कुठे आयएसएस, कुठे नुसतं स्टार्ट-स्टॉप. ह्युंदाई आणि कियात 'आयएसजी' म्हणजे 'आयडल स्टॉप अँड गो', म्हणजे हीच सुविधा. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत 'आयएसजी' म्हणजे 'इंटिग्रेटेड स्टार्टर जनरेटर', म्हणजे पट्ट्याने फिरणारं यंत्र, जे इंजिन न खडखडता चालू करतं. एका मित्राने दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा व्हिडिओ पाहून अर्धा तास स्वतःच्या गाडीत नसलेलं बटण शोधलं, ते यामुळे. म्हणून व्हिडिओ बघण्याआधी हातमोज्यांच्या कप्प्यात पडलेलं गाडीचं पुस्तक उघडा. तिथे हातमोजे कधीच नसतात, पुस्तक तेवढं असतं.

बटण शोधा, दाबा, खात्री करा

पार्किंगमध्ये, हँडब्रेक लावून, इंजिन चालू ठेवून हे करा. पहिल्यांदा शोधाशोध करायला व्हरायटी चौक ही जागा नव्हे.

इंग्रजी 'ए' हे अक्षर आणि त्याच्याभोवती गोल फिरलेला बाण, हे चिन्ह शोधायचं. बहुधा खाली 'ऑफ' लिहिलेलं असतं. तीन ठिकाणी बघा: स्टिअरिंगच्या उजव्या हाताला खाली, जिथे हेडलाइटचा झोत वरखाली करायचं चाक असतं तिथे, गिअरच्या दांड्याच्या आसपास, आणि एसीच्या बटणांच्या रांगेत. कुठेच नसेल तर ते मधल्या स्क्रीनच्या आत, गाडीच्या सेटिंग्जमध्ये लपलेलं असेल. काही गाड्यांत खालच्या दर्जाच्या मॉडेलला सुविधा नसतेच, आणि मग त्या जागी कोरं झाकण असतं. तसं दिसलं तर लेख इथेच सोडून चहा घ्यायला हरकत नाही.

बटण दाबा. एकदा पुरतं; काही गाड्यांत दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं. बटणावर किंवा मीटरमध्ये पिवळा दिवा लागला पाहिजे.

इथेच नवे लोक फसतात. दिवा लागला म्हणजे सुविधा *बंद* झाली. आपल्या डोक्यात दिवा म्हणजे चालू, हे पक्कं बसलेलं; इथे उलटं आहे. भाची दोन दिवस दिवा दिसला की परत बटण दाबून तो घालवत होती आणि "तुझं बटण काही कामाचं नाही मामा" म्हणत होती.

आता खात्री. घराजवळच्या रिकाम्या रस्त्यावर पाच-सात मिनिटं चालवा, म्हणजे इंजिन गरम होईल. थांबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा. इंजिन चालूच राहिलं तर काम झालं. मग बटण परत दाबून तेच करा. इंजिन थांबलं, मीटरमधला इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा शून्यावर गेला आणि हिरवा 'ए' दिसला, तर दोन्ही बाजू तुम्हाला कळल्या. हे दहा मिनिटांचं काम एकदा केलं की पुढे कुठल्याच चौकात धडधड होत नाही.

आणि हो, चावी बंद करून परत लावली की बहुतेक गाड्यांत सुविधा पुन्हा चालू झालेली असते. बटण बिघडलेलं नाही. कंपन्या चाचणीत मायलेज काढतात ते गाडी मूळ स्थितीत असताना, आणि मूळ स्थिती म्हणजे सुविधा चालू. म्हणून दर वेळी ती आपल्या जागी परत येते. उपाय एकच, सवय: बेल्ट, आरसा, बटण.

बटण न दाबता

काही वेळा फक्त एकाच सिग्नलपुरतं इंजिन चालू हवं असतं. गिअरच्या गाडीत न्यूट्रल करूनही क्लच दाबून ठेवला तर इंजिन थांबत नाही. पण ही सवय लावून घेऊ नका. नव्वद सेकंदांच्या सिग्नलला क्लच दाबून बसलात तर आतलं बेअरिंग झिजतं, आणि गुडघाही. सिग्नल सुटायला पाच-सात सेकंद राहिलेत तर न्यूट्रल न करता पहिल्या गिअरमध्येच क्लच दाबून थांबणं मात्र बरोबर. आपल्याकडे आकडे उलटे मोजणारे सिग्नल आहेत, त्यांचा हा खरा फायदा.

ऑटोमॅटिकमध्ये बऱ्याच गाड्या ब्रेकचा दाब बघतात. हलका दाबून उभं राहिलं तर इंजिन चालू राहतं, जोरात दाबलं तर थांबतं. आठवडाभरात पायाला कळायला लागतं. उतारावर किंवा पुलाच्या चढावर हा हलका पाय चालणार नाही, तिथे ब्रेक पूर्ण दाबायचा.

पुढच्या काचेवरचं बाष्प घालवायचं बटण लावलं तरी बहुतेक गाड्यांत इंजिन थांबत नाही. पावसाळ्यात ते तसंही लागतंच.

नागपुरात कधी दाबायचं

पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. कारण उघड आहे.

बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवरच्या पट्ट्याने फिरतो. इंजिन थांबलं की कॉम्प्रेसर थांबला. पंखा फिरत राहतो, पण वीस-पंचवीस सेकंदांत तो गरम हवा फेकायला लागतो. जानेवारीत हे कळतही नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता रहाटे कॉलनी चौकात कळतं. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरने ४७.९ अंश पाहिले आहेत. (३० मे २०२४ ला एका स्वयंचलित यंत्राने ५६ दाखवले होते आणि देशभर बोंब झाली, नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आपल्याला मात्र त्या दिवशी ते खरंच वाटलं होतं.)

क्लायमेट कंट्रोल (ठरवलेलं तापमान आपोआप राखणारा एसी) असलेली गाडी शहाणी असते: आत पुरेसं गार झाल्याशिवाय इंजिन थांबवतच नाही, आणि थांबवलं तरी आत तापलं की सिग्नल लाल असतानाच परत चालू करते. त्यामुळे उन्हाळ्यात एकाच सिग्नलला बंद-चालू, बंद-चालू असा खेळ होतो. साध्या हाताच्या एसीत तेवढी अक्कल नसू शकते. माझं मत विचाराल तर होळी झाली की पाऊस येईपर्यंत गाडीत बसल्याबरोबर बटण दाबून टाका. मागे लेकरू किंवा म्हातारं माणूस असेल तर विचारसुद्धा करू नका.

वाचतं तरी किती? हिशेब करू. रोज सहा सिग्नल, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे सहा मिनिटं. ताशी ०.८ लिटर धरलं तर ०.०८ लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर दिवसाचे आठ रुपये, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे दोनशे. तेही सगळ्या सिग्नलला इंजिन थांबलं तर. उन्हाळ्यात ते निम्म्या वेळीही थांबत नाही. तेवढ्यासाठी घाम गाळायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरी वेळ गर्दीची. बर्डीचा मेन रोड, महालातला बडकस चौक, इतवारी, सणाच्या आधीचं गांधीबाग. इथे गाडी थांबत नाही, सरपटते: दोन हात पुढे, चार सेकंद थांब, परत दोन हात. इंजिन गरम असताना दहाएक सेकंदांपेक्षा जास्त थांबणार असाल तरच बंद करण्यात पेट्रोल वाचतं. चार सेकंदांच्या थांब्यात काहीच वाचत नाही, आणि समोरून उलटा येणारा ई-रिक्षावाला तुमचं इंजिन चालू व्हायची वाट पाहत नाही. नव्या चालकाने गर्दीत शिरण्याआधीच बटण दाबावं. ऐन चौकात वळण घेताना गाडी थांबली आणि इंजिन झोपलं, तर ते अर्धं सेकंदही फार मोठं वाटतं.

तिसरी वेळ पावसाची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते कुणी विसरलेलं नाही. एवढं नाही झालं तरी नरेंद्रनगरच्या पुलाखाली दर पावसाळ्यात पाणी साचतंच. पाण्यात गाडी घालूच नये हा पहिला सल्ला. पण शिरलातच, समोरचा मध्येच थांबला, तुम्हीही थांबलात आणि इंजिन आपोआप बंद झालं, तर सायलेन्सरमधून बाहेर येणारी हवा थांबते आणि पाण्याला आत यायला वाट मिळते. पाणी हवेच्या नळीपर्यंत चढलेलं असेल तर पुढे होणारी आपोआप 'सुरुवात' इंजिनाचा कायमचा शेवट करू शकते. हवेसारखं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे इंजिनातला पिस्टनचा दांडा वाकतो. म्हणून साचलेलं पाणी दिसलं की आत जाण्याआधी बटण. आणि पाण्यात गाडी खरोखरच बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही. ढकलून बाहेर काढायची आणि टोइंगवाल्याला बोलवायचं.

आता उलट बाजू. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं, मोर्चा निघाला, पोलिसांनी झिरो माइलच्या अलीकडे दोर लावला आणि तुम्ही पंधरा मिनिटं अडकलात, तर तिथे ही सुविधा चालूच ठेवा. हवा थंड, एसी बंद, इंजिन गरम. तिच्यासाठी याहून चांगला दिवस नाही. सकाळी ऑफिसला जाताना वर्धा रोडवरच्या लांब सिग्नलांनाही तसंच. समृद्धी महामार्गावर सिग्नलच नाहीत, तिथे बटणाचा प्रश्नच येत नाही.

बंद झालेलं इंजिन म्हणजे बंद केलेली गाडी नव्हे

इंजिन थांबलेलं आहे, आवाज नाही, म्हणून गाडी बंद आहे असं समजून माणूस उतरतो. चावी तशीच. बेल्ट काढला किंवा दार उघडलं की काही गाड्या पूर्ण बंद होतात, काही पिपाणी वाजवून ओरडतात, काही इंजिन परत चालू करतात. आपली गाडी काय करते ते पुस्तकात बघा, पण सवय एकच ठेवा: पेट्रोल पंपावर, पंक्चरच्या दुकानात, बॉनेट उघडण्याआधी आणि लेकराला गाडीत ठेवून उतरण्याआधी चावी फिरवून किंवा बटण दाबून गाडी स्वतः बंद करायची. नाहीतर इंजिन आपोआप चालू होऊ शकतं, किंवा ते न होता सगळे दिवे चालू राहून संध्याकाळपर्यंत बॅटरी बसते.

आपोआप बंद होणं बंद झालं तर खूश होऊ नका

बटण न दाबताही इंजिन थांबेनासं झालं तर आधी साधी कारणं बघा: इंजिन अजून थंड आहे, बेल्ट लावलेला नाही, दार किंवा बॉनेट नीट लागलेलं नाही, एसी जोरात आहे, गाडी चढावर आहे. यातलं काहीच नसेल, हिवाळ्याच्या सकाळी अर्धा तास चालवूनही एकदासुद्धा थांबत नसेल, तर बॅटरी तपासून घ्या. बॅटरीत परत सेल्फ मारण्याइतका दम आहे याची खात्री असल्याशिवाय कॉम्प्युटर इंजिन थांबवत नाही. म्हणजे बॅटरी खचायला लागल्याची पहिली खबर तुम्हाला फुकट मिळते, सकाळी गाडी 'कट कट' करण्याच्या कितीतरी आधी. बटण कायम दाबून ठेवणाऱ्यांची ही खबर चुकते. म्हणून मी उन्हाळा संपला की महिन्यातून एकदोन दिवस ते मुद्दाम दाबत नाही.

बॅटरी बदलताना मी स्वतः शेण खाल्लेलं आहे. या गाड्यांना साधी बॅटरी चालत नाही. ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, वारंवार सेल्फ मारणं सोसणारी लागते. ती महाग असते. एका दुकानदाराने "सगळ्या सारख्याच असतात" म्हणून साधी बसवून दिली आणि मीही पैसे वाचले म्हणून हसत घरी आलो. त्यात आपलं ऊन. बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता जास्त खाते. ती दुसरा उन्हाळा पाहू शकली नाही. नंतर ज्या मेकॅनिककडे गेलो त्याने झाकण उघडल्या उघडल्या सांगितलं, "हे बॅटरी साधी हाये भाऊ. या गाडीले नाही चालत. कोनं बसवून देल्ली जी?" जुन्या बॅटरीवर छापलेला प्रकार मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि दुकानात तोच मागा. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडमध्ये नेहमीच्या बॅटरीशिवाय आणखी एक छोटी लिथियम बॅटरीही असते, तिच्या वाटेला स्वतः जाऊ नका.

बसलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून वायर जोडायची वेळ आली तर निगेटिव्हच्या खुंटीवर बरेचदा एक छोटा सेन्सर असतो. काळी वायर त्या खुंटीवर न लावता इंजिनजवळच्या रंग नसलेल्या धातूला, पुस्तकात दाखवलेल्या जागी लावायची. लाल वायर आधी, काळी नंतर, काढताना उलट.

कायमचं बंद करता येतं का

येतं, पण घाई नको. आधी सेटिंग्जमध्ये बघा. मोजक्या गाड्या तुमची निवड लक्षात ठेवतात. नसेल तर सर्व्हिस सेंटरला विचारा, जमत असेल तर ते करून देतील, आणि बिलावर लिहून घ्या. बाजारात एक छोटं मॉड्युल मिळतं, जे बटणाच्या मागे बसतं आणि गाडी चालू झाली की तुमच्याऐवजी बटण दाबतं. वायर न कापता जोडायचं असेल तरच विचार करा, कारण कापलेली वायर दिसली की वॉरंटीचा वाद सुरू होतो. वॉरंटी संपेपर्यंत मी तरी बोटानेच काम भागवेन.

व्हिडिओवाले दोन युक्त्या सांगतात. एक, बॉनेटच्या स्विचचा प्लग काढून ठेवायचा, म्हणजे गाडीला बॉनेट उघडं वाटतं. त्याने चोरीचा अलार्म गंडतो आणि बॉनेट खरंच उघडं राहिलं तर ते कळत नाही. दुसरी, बॅटरीवरचा सेन्सर काढायचा. त्याने चार्जिंगचा सगळा हिशेब बिघडतो. तिसरी युक्ती कुणी शिकवावी लागत नाही, लोक स्वतःच शोधतात: बेल्ट लावायचाच नाही. तिच्याबद्दल चौकात उभे असलेले हवालदारसाहेब समजावून सांगतील.

भाचीने बटणावर छोटी लाल टिकली चिकटवली आहे, अंधारातही बोटाला लागावी म्हणून. परवा तिच्या शेजारी बसलो, तर अजनी चौकात मी "दाबलंस का?" म्हणेपर्यंत ती म्हणाली, "मामा, ऑक्टोबर आहे. राहू दे."